शिकणाऱ्या अधिकाऱ्याचा संगणक

लष्करी महाविद्यालयात शिकायला आलेल्या एखाद्या मेजरने तिथल्या संगणकावर काय करावं आणि काय करू नये, हा प्रश्न सहसा एका कागदावर उरकला जातो. पहिल्या दिवशी ओळखपत्र, मेसचं खातं, खोलीची किल्ली आणि त्यांच्यासोबत हा कागद. सही केली की लॉगइन मिळतं. त्या गडबडीत मजकूर वाचायला कोणालाच सवड नसते. पण त्या मजकुरावर दोन गोष्टी अवलंबून असतात. एक म्हणजे गुपितं किती सुरक्षित राहतील, आणि दुसरी म्हणजे तो अधिकारी तिथे खरोखर किती शिकेल. म्हणून त्यावर गणवेशाबाहेरच्या माणसांनीही विचार करायला हवा असं मला वाटतं.

इंदूरच्या मराठी माणसाला तर हा विषय दूरचा वाटू नये. महू आपल्यापासून जेमतेम पंचवीस किलोमीटर. १८१८च्या मंदसौरच्या तहानंतर इंग्रजांनी होळकरांच्या मुलखात ही छावणी बसवली, तेव्हापासून दोन्ही गावांचं जाणंयेणं कधी तुटलं नाही. आज तिथे इन्फंट्री स्कूल आहे. १९७१ साली कॉलेज ऑफ कॉम्बॅट म्हणून सुरू झालेलं आणि २००३ पासून आर्मी वॉर कॉलेज म्हणून ओळखलं जाणारं महाविद्यालय आहे. सिग्नल कोअरचं, म्हणजे लष्कराच्या संपर्कयंत्रणा सांभाळणाऱ्या शाखेचं, मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगही तिथेच. म्हणजे फौजेला लढाईचं नियोजन शिकवणारी आणि फौजेला संगणकाचं जाळं शिकवणारी, अशा दोन्ही संस्था एकाच गावात. रामबाग, तिलकनगर, लोकमान्यनगर इथल्या मराठी घरांत महूला नोकरी केलेला नाहीतर शिकवायला जाणारा कोणी ना कोणी सापडतोच. आणि त्या गावाचं शिक्षणाशी नातं याहून जुनं आहे. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, आणि महूच्या छावणीतच १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. महूच्या संस्थांच्या आजच्या अंतर्गत नियमांवर ही टीका नाही, आणि ते नियम चव्हाट्यावर यावेत अशी मागणीही नाही. मी बोलतो आहे ते तत्त्वाबद्दल.

माझं म्हणणं असं. लष्करी महाविद्यालयात गुपितांचं जाळं आणि अभ्यासाचं जाळं अशी संगणकांची दोन जाळी पूर्णपणे वेगळी असावीत, आणि त्यांचे नियमही वेगळे असावेत. पहिल्यावर जितकी कडक शिस्त लावता येईल तितकी लावावी. दुसऱ्यावर शिकणाऱ्याला वाचायला, शोधायला, प्रयोग करायला मोकळीक द्यावी, आणि त्या मोकळिकीची हद्द साध्या भाषेत लिहून द्यावी. आपल्या जुन्या वाड्यांत ओसरीवर सोवळं पाळायला कोणी सांगत नसे, म्हणून तर देवघरातलं सोवळं निभावत असे. सगळीकडे सारखीच बंदी घातली की ती कुठेच मनापासून पाळली जात नाही.

मोकळीक कशासाठी, याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उत्तर एका लष्करी शाळेतूनच येतं. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथली नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूल ही अमेरिकी नौदलाची पदव्युत्तर शाळा. १९०९ साली ॲनापोलिसला सुरू झाली, १९५१ साली मॉन्टेरेला हलली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला गॅरी किल्डॉल नावाचा तरुण तिथे शिकवत होता. इंटेलची ४००४ ही इवलीशी चिप १९७१च्या अखेरीस बाजारात आली, आणि किल्डॉलला तिने झपाटलं. चिपवर चालणारं पूर्ण यंत्र हाताशी नव्हतं, तेव्हा त्याने शाळेच्या संगणकावर त्या चिपची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहिला. पुढे इंटेलसाठी सल्लागार म्हणून काम केलं. त्यातून यंत्रं मिळाली, ती त्याने वर्गाच्या मागच्या बाजूला मांडली आणि विद्यार्थी त्यांवर हात बसवू लागले. या खटपटीतून १९७४च्या सुमारास सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम तयार झाली. १९८१ साली आयबीएमचा पीसी येईपर्यंत छोट्या संगणकांच्या जगात तिचाच बोलबाला होता. आज घरोघरी जो संगणक आहे, त्याच्या पूर्वजांपैकी एक असा नौदलाच्या वर्गखोलीत वाढला.

आता कल्पना करा, की ‘फक्त अधिकृत कामासाठी’ ही ओळ त्या वेळी कोणी अक्षरशः लावली असती. नौदलाने न मागवलेल्या चिपसाठी, नौदलाच्या संगणकावर, अभ्यासक्रमात नसलेला प्रोग्रॅम. पहिल्याच आठवड्यात काम बंद पडलं असतं. बाहेरच्या कंपनीशी असलेल्या संबंधांची परवानगी आज मागितली गेली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण परवानगी मागायला लावणं वेगळं आणि दारच लावून घेणं वेगळं. ज्या संस्थेचं काम नवा विचार करणारे अधिकारी घडवणं आहे, तिने अभ्यासाच्या जाळ्यावर दार लावून घेतलं तर तिने आपलंच काम थांबवलं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती मला हलक्याने घ्यायची नाही. २००८ साली पश्चिम आशियातल्या एका अमेरिकी तळावर कोणीतरी एक पेनड्राइव्ह लष्करी लॅपटॉपला लावला. त्यातला घातक प्रोग्रॅम अमेरिकेच्या सेंट्रल कमांडच्या जाळ्यात शिरला आणि गुप्त जाळ्यापर्यंत पोहोचला. तो हुसकून लावायला वर्षाहून अधिक काळ गेला. नोव्हेंबर २००८मध्ये अमेरिकी सैन्यात सगळीकडे पेनड्राइव्हबंदी आली, आणि अमेरिकेने स्वतंत्र सायबर कमांड उभारलं त्यामागे या धक्क्याचा मोठा हात होता. आपल्याकडे डिसेंबर २०१९मध्ये विशाखापट्टणमच्या प्रकरणात नौदलाच्या सात जणांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. समाजमाध्यमांवरच्या ओळखींतून त्यांना जाळ्यात ओढल्याचा आरोप होता. नौदलाने लगोलग तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन आणि फेसबुकला बंदी केली. मे २०२३मध्ये पुण्यात डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाला महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस) अशाच आरोपावरून ताब्यात घेतलं, तेव्हा महाराष्ट्रातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत त्याची किती चर्चा झाली हे आपण सगळ्यांनी पाहिलं. माणूस शिकलेला, अनुभवी, मोठ्या पदावर असला म्हणजे तो फसणार नाही, असं धरून चालता येत नाही. तेव्हा गुपितांच्या जाळ्यावर बाहेरचं इंटरनेट नको, खासगी पेनड्राइव्ह नको, मोबाइल खोलीबाहेर, कोणी कधी काय उघडलं याची नोंद, हे सगळं असलंच पाहिजे. तिथे मी एका शब्दाचीही सूट मागत नाही.

पण वरच्या उदाहरणांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसते. दोन्ही भारतीय प्रकरणांत आरोपांचा धागा संस्थेच्या संगणकापेक्षा माणसाच्या खासगी ओळखी, खासगी गप्पा आणि खिशातल्या फोनपर्यंत जातो. आणि सरसकट बंदी नेमकी माणसाला खासगी फोनकडे ढकलते.

कसं, ते सांगतो. समजा एक अधिकारी सीमाभागातल्या रस्त्यांवर प्रबंध लिहितो आहे. महाविद्यालयाच्या संगणकावर निम्मी संकेतस्थळं बंद. परदेशी नियतकालिकातला लेख उघडत नाही, उपग्रहचित्रांचं पान उघडत नाही, मार्गदर्शकाला प्रकरण पाठवायचं तर फाइल जोडायची सोय नाही. पुढच्या सोमवारी प्रकरण द्यायचं आहे. तो काय करेल? आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून खासगी लॅपटॉपवर काम करेल. मसुदा स्वतःच्या जीमेलवर ठेवेल. तक्त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर सहकाऱ्याला पाठवेल. शेवटी पेनड्राइव्ह घेऊन भंवरकुआंच्या टायपिंग-बाइंडिंगच्या दुकानात जाईल, जिथल्या संगणकाला दिवसभरात शेकडो परक्या पेनड्राइव्ह लागतात. यातली एकही गोष्ट त्याने देशाविरुद्ध केलेली नाही. काम पूर्ण व्हावं एवढीच त्याची इच्छा होती. नियमाने मात्र काम महाविद्यालयाच्या नजरेच्या टप्प्यातून काढून अशा ठिकाणी नेलं, जिथे कोणाचंच लक्ष नाही. कागदावर महाविद्यालयाचं जाळं अगदी स्वच्छ, आणि प्रबंध सगळ्या गावात फिरून आलेला.

रामबागेत आमच्या ओळखीचे एक काका आहेत, सिग्नलमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्यापुढे हे बोललो तेव्हा त्यांनी लगेच मान हलवली. म्हणाले, “हे बघ बाबा, जवान हुकूम मोडत नाही. पण हुकूम पाळून काम होणारच नसेल, तर तो पळवाट काढतो, आणि ती तुला सांगत नाही.” चाळीस वर्षांपूर्वी वायरलेसवर बोलण्याचे नियम इतके किचकट झाले होते, की काही ठिकाणी लोक निरोप्या पाठवत, असं त्यांनी पुढे सांगितलं. यंत्र बदललं, माणसाचा स्वभाव तोच राहिला.

बंदी किती दूर जाऊ शकते हेही मॉन्टेरेच्या गावानेच पाहिलं आहे. २०१०च्या डिसेंबरात फुटलेली राजनैतिक कागदपत्रं छापली म्हणून अमेरिकी हवाई दलाने आपल्या संगणकांवर न्यूयॉर्क टाइम्स, गार्डियन यांच्यासह पंचवीसहून अधिक संकेतस्थळं अडवली. २०१३च्या जूनमध्ये एडवर्ड स्नोडेन या अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या कंत्राटी कर्मचाऱ्याने फोडलेली कागदपत्रं बाहेर आली, तेव्हा मॉन्टेरेतल्याच प्रेसिडिओ या लष्करी ठाण्यावरच्या लोकांना गार्डियनचा काही मजकूर उघडेना. पुढे लष्कराने मान्य केलं की ही गाळणी सगळीकडे लावली होती. कारण तांत्रिक होतं. गुप्त शिक्का असलेला मजकूर साध्या संगणकावर उतरला तर तो संगणक नियमानुसार स्वच्छ करावा लागतो. नियमाच्या चौकटीत ते कारण बरोबर असेलही. पण जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलेली गोष्ट जगभरच्या शत्रूंनी वाचलेली असताना आपल्याच अधिकाऱ्याला ती वाचू न देण्याने कोणाचं रक्षण होतं? युद्धशास्त्र शिकणाऱ्याने तर अशी प्रकरणं सर्वांत आधी वाचली पाहिजेत. गुपित कसं फुटलं, कोणत्या चुकीमुळे फुटलं, हे त्याच्या अभ्यासाचाच भाग आहे.

याच अमेरिकी व्यवस्थेतून दोन गोष्टी मात्र मी मोकळ्या मनाने उचलेन. त्यांच्या संरक्षण खात्याच्या संगणकावर लॉगइन करताना एक इशारा समोर येतो. या यंत्रणेवरचे संवाद खासगी नाहीत, ते केव्हाही तपासले जाऊ शकतात, साठवलेली माहिती जप्त होऊ शकते, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. भाषा कठोर आहे, पण त्याच इशाऱ्यात एक अपवादही आहे. वकील, मानसोपचारतज्ज्ञ किंवा धर्मगुरू यांच्याशी झालेल्या खासगी संवादाचा मजकूर चौकशीसाठी उघडायला ही संमती लागू होत नाही. नैराश्याने घेरलेल्या कॅप्टनने समुपदेशकाला लिहिलेला मेल वरिष्ठाच्या टेबलावर जाणार नाही, एवढी हमी त्या कठोर कागदातही दिलेली आहे. दुसरी गोष्ट त्यांच्या आचारसंहितेतली. घरी फोन करून मुलांची खबर घेणं, डॉक्टरची वेळ ठरवणं, इंटरनेटवर थोडा शोध घेणं, येणाऱ्या पाहुण्यांना मेलवर रस्ता सांगणं, असा थोडका खासगी वापर चालेल असं त्यात नावानिशी लिहिलं होतं. कामात अडथळा नको, जाळ्यावर भार नको, खात्याला कमीपणा येईल असं काही नको, आणि विक्री-जाहिरात, साखळीपत्रं, अश्लील मजकूर मुळीच नको. मला यातला नेमकेपणा आवडतो. ‘गैरवापर करू नये’ असं मोघम लिहिलं की प्रत्येक वरिष्ठ त्याचा हवा तसा अर्थ लावतो. डॉक्टरची वेळ चालते असं लिहिलेलं असेल तर अर्थ लावायला जागाच राहत नाही.

आपल्याकडच्या कायद्याचंही भान ठेवायला हवं. राज्यघटनेच्या कलम ३३नुसार सैन्यातल्या माणसांच्या मूलभूत हक्कांना संसद मर्यादा घालू शकते. १९५४च्या आर्मी रूल्समधला नियम २१ सेवेशी संबंधित विषयावर पूर्वपरवानगीशिवाय लिहायला, भाषण द्यायला मनाई करतो. जुलै २०२०मध्ये लष्कराने फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप फोनमधून काढून टाकायला सांगितली. एका लेफ्टनंट कर्नलने त्याविरुद्ध दाद मागितली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये ती याचिका फेटाळली. कायद्याने लष्कराला हा अधिकार आहे, यात वाद नाही. पण २०१७च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर घाला घालायचा तर कायद्याचा आधार हवा, योग्य हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, अशी कसोटीही त्या निकालातून आली. कलम ३३मुळे फौजीच्या बाबतीत ही कसोटी सैल होते असं कोणी म्हणेल. न्यायालयात ते टिकेलही. तरी नियम लिहिणाऱ्याने ती स्वतःहून लावावी, असा माझा आग्रह आहे. नोंदी किती दिवस ठेवणार, कोण पाहू शकणार, कोणाच्या लेखी आदेशाने पाहणार, एवढं लिहायला एक परिच्छेद पुरतो. ते लिहिलं नाही की पाळत ठेवणाऱ्याच्या हातातली सत्ता त्या माणसाच्या लहरीवर जाते, आणि वरिष्ठाने लिहायच्या वार्षिक अहवालाच्या भीतीत जगणाऱ्या अधिकाऱ्याला हे फार लवकर कळतं. मग तो अवघड विषयावर शोधच घेत नाही.

सगळ्यांत ताजा प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे. जानेवारी २०२५मध्ये आपल्या अर्थ मंत्रालयाने कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी आणि डीपसीक वापरू नका असं कर्मचाऱ्यांना बजावलं. मंत्रालयासाठी ते समजण्यासारखं आहे, कारण तिथे जवळपास प्रत्येक फाइल कामाचीच असते. महाविद्यालयात तेच परिपत्रक जसंच्या तसं उचलून चालणार नाही. या साधनांत आपण जे टाकतो ते बाहेरच्या कंपनीच्या यंत्रावर जातं, हे प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवून द्यायला हवं. सैन्यतुकडीची जागा, सरावाचा आराखडा, सहकाऱ्याचं नाव, न छापलेल्या प्रबंधाचं पान, यातलं काही तिथे जाता कामा नये. पण प्रकाशित पुस्तकातला उतारा समजून घ्यायला, इंग्रजी सुधारायला, प्रोग्रॅममधली चूक शोधायला ही साधनं वापरली तर त्यात बिघडतं काय? उद्याच्या लढाईत समोरचा हीच साधनं वापरणार आहे. ती हाताळलेली नाहीत असा सिग्नल अधिकारी मला तरी नको. शक्य असेल तिथे संस्थेने आपल्याच यंत्रांवर चालणारी अशी प्रणाली द्यावी. संरक्षण मंत्रालयाने २०२३मध्ये विंडोजऐवजी माया ही आपली ऑपरेटिंग सिस्टीम आणायला सुरुवात केली. ज्या सरकारला ते जमतं, त्याला हेही जमण्यासारखं आहे.

नियमांत एक कलम सहसा विसरलं जातं, आणि माझ्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचं आहे. चूक झाल्यावर काय? चुकीच्या दुव्यावर बोट पडतं, नको तो पेनड्राइव्ह लागतो, भलत्या पत्त्यावर फाइल जाते. हे होणार. हल्ला थोपवणाऱ्याच्या दृष्टीने पहिली काही मिनिटं लाखमोलाची असतात, आणि ती मिळणं न मिळणं हे चूक करणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून असतं. कागदावर फक्त शिस्तभंगाची धमकी असेल तर तो गप्प बसेल, संगणक बंद करून घरी जाईल, आणि आपण होऊन कोणाला काही सांगणार नाही. म्हणून स्वतःहून लगेच कळवणाऱ्याला निष्काळजीपणाबद्दल शिक्षा होणार नाही, हे लेखी हवं. जाणूनबुजून केलेला गुन्हा, लपवाछपवी, पैशांसाठी केलेली फितुरी यांना ही सवलत नाही. त्यांच्यासाठी १९२३चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट आहेच. पण घाबरून गप्प बसलेला प्रामाणिक माणूस आणि फितूर यांना एकाच दोरीने बांधलं, तर फायदा फक्त फितुराचा होतो. त्या गप्प बसलेल्यांच्या गर्दीत तो आरामात लपतो.

हा कागद लिहितानाही सुरक्षा शाखेने एकटीने बसू नये. शिकवणारे हवेत, आधीच्या तुकडीत प्रबंध लिहिलेला एखादा अधिकारी हवा, कुटुंबाच्या अडचणी जाणणारं कोणी हवं. छावणीच्या क्वार्टरमध्ये राहणारी बायको-मुलंही फोन वापरतात, आणि बदलीच्या तारखा, सरावाला गेल्याचे फोटो बहुतेक वेळा त्यांच्याकडून निष्पापपणे बाहेर जातात. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारी अर्ध्या तासाची बैठक परिपत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आणि काही जबाबदारी इंदूरकडेही येते. लष्करी विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारे, त्यांचे प्रबंध तपासणारे आपले प्राध्यापक गणवेशात नसतात. महाविद्यालयाच्या कागदावर त्यांची सही नसते. त्यांनी प्रकरणं स्वतःच्या जीमेलवर मागवू नयेत, व्हॉट्सअ‍ॅपवर दुरुस्त्या पाठवू नयेत, परीक्षेनंतर प्रती घरच्या कपाटात ठेवू नयेत. हे त्यांना जमावं म्हणून विद्यापीठाने खंडवा रोडच्या आवारात इंटरनेटला न जोडलेला एक संगणक, एक साधा प्रिंटर आणि बाइंडिंगची सोय असलेली एक कुलपाची खोली द्यावी. मार्गदर्शक आणि विद्यार्थ्याने तिथे बसून मसुदा वाचावा, तिथेच छापावा, तिथेच बांधावा. यासाठी दिल्लीचा आदेश लागत नाही. कुलगुरूंचं एक पत्र आणि एका डेस्कटॉपचा खर्च, एवढंच लागतं. पुढच्या तुकडीचे प्रबंध सुरू होण्याआधी हे करता येईल.